मागची काच

पेठ रोडला, आरटीओच्या भिंतीला पाठ लावून माझी टपरी.
यासीन रेडियम.
कात्री, ब्लेड, साबणाच्या पाण्याची बाटली
आणि तीन रंगांत गुंडाळून ठेवलेली लोकांची हौस.

हे शहर मला समोरून फारसं ठाऊक नाही.
पाठमोरं ओळखतो.
द्वारकेला सिग्नल पडला की स्कूटरवरून वाचत बसतो:
आईचा आशीर्वाद. बापाची पुण्याई.
दोन गाड्या सोडून, बँकेची कृपा.
ते माझंच काम. गिऱ्हाईक तेव्हा हसलं नव्हतं.

नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून
कुणी जमिनीच्या पैशातले चाळीस हजार मोजतं
आणि माझ्याशी पाच रुपयांवरून भांडतं.
चाकाखालचं लिंबू फुटल्याशिवाय
शोरूममधून एक गाडी गंगापूर रोडला लागत नाही.
पुढच्याच चौकात ती अर्धा तास उभी.
कुंभ आला की रस्ते रुंद होतात.
मग अकरा वर्षं आम्ही ते भरत बसतो.

जात विचारू नये म्हणतात.
मला विचारावी लागत नाही. इंचात सांगतात.
"आठ इंची करा, फ्लायओव्हरवर मागच्याला दिसली पाहिजे."
मी करतो. रंगही सांगावा लागत नाही.
बाईने स्वतःचं नाव लावून घेतलेलं
एकदाच आठवतं. सिडकोतली नर्स, रात्रपाळी करून आलेली.
मंदाकिनी, एवढंच.
नवरा म्हणाला, खाली माझंही टाका.
ती म्हणाली, हप्ता भरशील त्या महिन्यात टाकू.

परवा खैरनार आले.
सातपूरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं.
डावीकडचं मागचं दार बसवायचं, एवढंच काम,
दिवसाला दोनशे दारं.
येणं-जाणं आधी सायकलवर, पुढे कंपनीच्या बसने.
रिटायर झाल्यावर पीएफमधून गाडी घेतली,
त्याच कारखान्याची, जुनी, दोन मालक झालेली.

मागच्या काचेवर सानवी होतं.
ब्लेडने काढलं, रॉकेलचा बोळा फिरवला.
अक्षरं गेली, जागा राहिली,
घड्याळ काढल्यावर मनगटावर राहते तशी.
थंडीत दव पडलं की नाव परत दिसेल, मी सांगून टाकलं.
"दिसू द्या," म्हणाले. "तीही बसलीच असेल की यात."

मग नवीन काय टाकू?
त्यांनी काचेकडे बघितलंच नाही.
डावं मागचं दार उघडलं. लावलं. उघडलं. लावलं.
मान तिरकी करून, कान देऊन.
आवाजावरून कळतं म्हणाले, बिजागरी कुणाच्या हातची.
"मग, तुमच्या?"
बराच वेळ बोलले नाहीत.
"नाही कळत. सव्वीस वर्षांत सगळ्यांचे हात सारखेच झाले."

तरी लावून घेतलं.
दाराच्या आतल्या कडेला, दार लागलं की झाकेल अशा जागी,
अर्ध्या इंचात:
हे दार मी बसवलं.
इतकी लहान अक्षरं मी कधी कापली नव्हती.
'ठ' आणि 'ढ' मोठ्या आकारात सोपे असतात.
इथे साध्या 'ह'ची शेपटी दोनदा तुटली.
तीस रुपये झाले. त्यांनी सुटे दिले, मोजून.

चालवायला पुतण्या आला होता.
खैरनारांना गाडी येत नाही.
ते मागे बसले, डावीकडे,
पाय आत घेतले
आणि दार स्वतःच ओढून घेतलं.